जोड लागली की माईक माझा

वाचा परत आलेल्या माणसानं पहिलं काय बोलावं याचे काही संकेत असतात. देवाचं नाव घ्यावं, बायकोला हाक मारावी, निदान डॉक्टरांचे आभार तरी मानावेत. पलूसच्या भूपाल मगदुमांनी यातलं काहीच केलं नाही. दवाखान्यातून आणून त्यांची चाकाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात उभी केली, घरातले आणि शेजारचे सगळे एकदमच बोलायला लागले, आणि त्या गलक्याच्या वर एक आवाज चढला.

"लक्ष द्या मंडळी, लक्ष द्या! राजमतीबाईंनी भाकरी तव्यावर टाकलेली आहे! भाकरी कूस बदलायला तयार, पण बाईंचं ध्यान पाहुण्यांकडं! करपणार... करपणार... करपली! भाकरी चितपट!"

राजमतीबाईंनी दचकून तव्याकडे पाहिलं. भाकरी खरंच करपली होती. त्यांनी उलथनं खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळून त्या रडल्या. नवऱ्याचा आवाज त्यांनी वर्षभर ऐकला नव्हता.

त्यांची मुलगी त्रिशला दारात उभी राहून हसत होती आणि रडतही होती. हा आवाज परत आणणाऱ्यांत ती होती. पुण्याच्या ज्या कंपनीनं 'वैखरी' नावाचं यंत्र काढलं, तिथं ती नोकरीला होती आणि त्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यात दुभाष्याचं काम करणारा प्रोग्रॅम, तिनं लिहिला होता. भूपाल मगदुमांना, म्हणजे तिच्या आण्णांना, पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या देठाशी. मेंदू शाबूत राहिला, पण खालच्या सगळ्या वाटा बंद झाल्या. हात नाही, पाय नाही, जीभ नाही. डोळे तेवढे हलत. आता मेंदूवर पसरलेली एक बारीक जाळी त्यांच्या मनातले शब्द टिपायची आणि खुर्चीमागची पेटी ते बोलून दाखवायची. पेटीला आवाज आण्णांचाच दिला होता. अडचण एवढीच, की आण्णांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं होती ती सगळी कुस्तीच्या मैदानावरची. त्यामुळे आण्णा पाणी मागायचे तेही मैदान गाजवल्यासारखं.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी होती, पण नोकरीवरून त्यांना कुणी ओळखत नसे. ओळख होती ती कुस्त्यांचे निवेदक म्हणून. जत्रेच्या मैदानात फेटा बांधून, एका हातात माईक धरून ते उभे राहिले की पंचक्रोशीतली म्हातारीकोतारी माणसं केवळ ऐकायला येत. त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी आमदारांपासून वस्तादांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेला होता: जोड लागली की माईक माझा. मग बोलणारा कुणी का असेना. एकदा एका मंत्र्याचं भाषण रंगात आलेलं असताना आखाड्यात एका पोरानं पट काढला. आण्णांनी मंत्र्याच्या हातातला माईक अलगद काढून घेतला आणि "साहेब थांबा, माणूस पडाय लागलाय," म्हणून कुस्ती सांगायला सुरुवात केली. मंत्री हसले म्हणून बरं.

घरातही तेच. राजमतीबाई एक वाक्य सुरू करत आणि आण्णा ते संपवत. त्रिशलाच्या शाळेत वक्तृत्वाची स्पर्धा होती, तेव्हा समोरच्या रांगेतून ते ओरडले होते, "हां, आता आवाज वाढव! आता!" ती पुढचं सगळं विसरली. घरी येऊन दप्तर फेकत ती म्हणाली होती, "आण्णा, एकदा तरी माझं बोलणं होऊ द्या की!" त्यावर आण्णांनी मध्येच विचारलं, "जेवलीस का?"

हे असं होतं. आणि आता ते परत आलं होतं.

सुख फार दिवस टिकलं नाही. किसनकाका अवघडे रोज संध्याकाळी येऊन बसायचे. आण्णांच्या निवेदनाला हलगीची साथ जन्मभर त्यांचीच. एका संध्याकाळी ते त्रिशलाला कुंडलच्या कुठल्याशा जुन्या कुस्तीची हकिकत सांगत होते.

"मग त्या पोरानं मारला बघ घिस्सा, आणि..."

"घिस्सा न्हवता, ढाक होती!" पेटी गरजली. "ढाक! किसन, तुझी हलगी..."

आवाज तिथंच तुटला. आण्णांचे डोळे मोठे झाले आणि ओठ निळे पडायला लागले. छातीजवळ धोक्याची शिट्टी वाजू लागली. राजमतीबाई ओट्यापासून धावत आल्या आणि दवाखान्यानं दिलेला हवेचा फुगा नाकातोंडावर धरून दाबत राहिल्या. थोड्या वेळानं रंग परत आला.

आण्णांचा श्वासही यंत्रावरच होता. त्याचं नाव 'प्राणदा', ते दुसऱ्या कंपनीचं. श्वासपटलाला हलकासा झटका देऊन ते श्वास घ्यायला लावायचं. डॉक्टर म्हणाले, बोलण्यानं दमत असतील, उत्तेजित होऊ देऊ नका. भूपाल मगदुमांना उत्तेजित होऊ देऊ नका, हे म्हणजे पाण्याला ओलं होऊ नको म्हणण्यासारखं होतं. पण त्रिशलाला दुसरीच शंका आली. माणूस बोलून दमला तर श्वास बोलण्याच्या शेवटी चुकेल. आण्णांचा श्वास सुरुवातीलाच चुकला होता. आणि तो चुकायचा ते कुणी विचारलेलं सांगताना नव्हे, फक्त मध्येच बोलताना.

पुण्याला जाऊन तिनं तशीच पेटी टेबलावर मांडली.

संगणक आपल्या कामात गुंतलेला असतो. त्याला जोडलेल्या यंत्राला काही सांगायचं असलं की ते एका तारेवर घंटा वाजवतं. घंटा वाजली की संगणकानं हातातलं काम जिथल्या तिथं ठेवायचं, यंत्राचं ऐकायचं आणि मग पुन्हा कामाला लागायचं. याला इंटरप्ट म्हणतात. साध्या भाषेत, मध्येच तोंड घालणं. जगातला प्रत्येक संगणक या मध्येच तोंड घालण्यावर चालतो. ते नसेल तर त्याला दर क्षणाला प्रत्येक यंत्रापाशी जाऊन "काही सांगायचंय का?" असं विचारत बसावं लागेल.

आता तारा असतात मोजक्या. आण्णांच्या मेंदूवरच्या जाळीची आणि श्वासपटलाच्या झटक्याची, दोन्हींची जोडणी गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या एका चकतीत येत होती, आणि चकतीपासून पेटीपर्यंत घंटेची तार एकच होती. यात वावगं काही नाही. पेटीत लिनक्स होतं आणि लिनक्सच्या गाभ्याला अशी भाऊबंदकी नवी नाही. सामाईक तारेवर घंटा वाजली की गाभा दोन्ही ड्रायव्हरांना पाळीपाळीनं विचारतो, "तुझ्या यंत्राची का?" ड्रायव्हरनं आपल्या यंत्राकडे बघून खरं उत्तर द्यायचं, एवढाच नियम.

प्राणदाचा ड्रायव्हर बघतच नव्हता. तो ज्या कंपनीत जन्मला तिथं तार त्याची एकट्याची होती, त्यामुळे वाजेल ती घंटा आपलीच, असं तो धरून चालला होता. घंटा वाजली म्हणजे माणसानं आपणहून श्वास घेतला, आता झटका द्यायला नको, असा त्याचा हिशेब. आण्णांच्या मनात बोलायची उसळी आली की वैखरी घंटा वाजवायची. प्राणदाला वाटायचं, श्वास झाला. आणि तो श्वास राहून जायचा. सावकाश उत्तर देताना घंटा एखाददुसरीच, एखादा श्वास गेला तरी कळत नसे; पण आण्णा जितक्या तावातावानं मध्ये पडतील तितके श्वास जात.

मग हे चाचण्यांत कसं दिसलं नाही? त्रिशला खुर्चीत मागं टेकली आणि तिला उत्तर मिळालं. चाचणीत प्रत्येक रुग्णाला सांगत, "हां, आता बोला." तेव्हा जाळी आधीच जागी असे, घंटेची गरजच पडत नसे. एवढ्या सगळ्या रुग्णांत आगाऊपणानं मध्ये तोंड घालणारा एकही माणूस नव्हता. तिला स्वतःलाही तसा माणूस चाचणीला घ्यावा असं सुचलं नव्हतं, आणि ती तर अशा माणसाच्या घरात वाढली होती.

पडताळा म्हणून तिनं दोन्ही ड्रायव्हर बाजूला काढले आणि वैखरीला तशीच घंटा वाजवत ठेवली. लिनक्सचा गाभा काही काळ ऐकत राहिला. मग त्यानं आपला ठरलेला संदेश पडद्यावर उमटवला आणि ती तार बंद करून टाकली. त्या संदेशाचा अर्थ, 'कुणालाच पर्वा नाही.' नोकरीला लागली तेव्हा या संदेशावर तिनं मैत्रिणींबरोबर पोट धरून हसून घेतलं होतं. आज तिनं पडदाच मिटला.

लिनक्स सगळ्यांना उघडं असतं. त्याचा गाभा ती दुरुस्त करू शकत होती, स्वतःचा ड्रायव्हर तर करूच शकत होती. पण प्राणदाचा ड्रायव्हर मोहोरबंद होता. माणसाचा श्वास चालवणाऱ्या प्रोग्रॅमला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. प्राणदावाल्यांनी तिचं म्हणणं ऐकलं, चूक कबूलही केली. दोन वेगळ्या तारांची नवी चकती आणि नवी पेटी करू म्हणाले. त्याच्या चाचण्या, मग परवानग्या.

"पुढच्या वर्षी मिळेल," त्यांचा माणूस म्हणाला. तो बिचारा भला होता. "तोपर्यंत एका वेळी दोघांतलं एकच घंटा वाजवेल असं करा, मॅडम."

एक म्हणजे कोण, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

ती पलूसला आली ती हे सांगायला. आण्णांची खुर्ची पडवीत होती. तिनं सगळं समजावून सांगितलं. आश्चर्य म्हणजे आण्णांनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी पेटी बोलली.

"म्हणजे आखाड्यात दोघं, आणि माईक एक."

"होय, आण्णा."

"मग विचारतीस काय? नियम ठाऊक न्हाई व्हय तुला?"

"आण्णा, श्वास..."

"जोड लागली की माईक माझा! श्वास जातोय तर जाऊ दे चार-दोन! माती खाल्ल्याशिवाय पैलवान..."

शिट्टी वाजली. राजमतीबाईंनी फुगा उचलला. त्या दाबत राहिल्या आणि दाबता दाबताच नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचं झालं बोलून? आता माझं ऐका. उभ्या जन्मात एकदा ऐका. मला तुम्ही नुसते बसलेले चालशिला. मुके चालशिला. पर माझ्या हातात हा फुगा असताना तुम्ही ग्येला, तर मी काय करू, सांगा की!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्रिशलाची गत झाली. आण्णांच्या ओठांना रंग आला तेव्हा त्यांचे डोळे तिच्यावर होते. बाप काय म्हणतोय हे तिला पक्कं कळत होतं. आवाजाशिवायचा भूपाल मगदूम म्हणजे त्यांच्या लेखी नुसता श्वास. आणि तरी तिनं आईचं ऐकलं. खरं सांगायचं तर तिनं स्वतःचंच ऐकलं. तिला बाप जिवंत हवा होता.

तिनं वैखरीची घंटा बंद केली. आता आण्णांच्या मनात कितीही उसळी आली तरी जाळी हाक मारणार नव्हती. पेटीनंच जाळीला जागं करून विचारायचं. पण सारखं विचारत राहिलं तर जाळी तापते, आणि मेंदूवर ताप चालत नाही. दिवसाकाठी ठरावीक वेळाच विचारायची मुभा डॉक्टरांनी दिली. आपोआप विचारायला लावून त्या वेळा फुकट घालवण्यापेक्षा माणसानं विचारलेलं बरं, असं त्रिशलाला वाटलं. घरात एवढी माणसं आहेत, बोलकी आहेत, विचारतीलच की. तिनं खुर्चीच्या हातावर एक तांबडं बटण बसवलं. दाबलं की आण्णांना थोडा वेळ बोलता येई. बटण आण्णांच्या उजव्या हाताच्या अगदी शेजारी होतं. तो हात हलत नव्हता.

"थोडे दिवस, आण्णा," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

"बरं," पेटी म्हणाली. मैदानी आवाजात एवढा छोटा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता.

पहिले काही आठवडे बटणाला उसंत नव्हती. किसनकाका तर प्रत्येक वाक्यानंतर दाबत. "असं झालं बघा आण्णा... हां, बोला!" पण विनोदाचं कसं असतं, तो पडायचा तिथं पडला तर विनोद. बटण दाबून मागितलेला विनोद म्हणजे शिळी भजी. आण्णा सुरुवातीला प्रयत्न करत. मागचं मनात धरून ठेवत, आणि संधी मिळाली की मघाच्या गोष्टीवर शेरा मारत. तोवर लोक पुढं गेलेले असत. "कशाबद्दल म्हणता, आण्णा?" असं कुणीतरी विचारी, आणि तेवढ्यात वेळ संपे.

हळूहळू लोक बटण दाबून एकच विचारू लागले, "काही हवंय का?" माणसाला काही नको असताना काही सांगायचं असू शकतं, हे आजारी माणसाच्या बाबतीत कुणाच्या लक्षात राहत नाही. आण्णा म्हणत, "पाणी." म्हणत, "कूस बदला." म्हणत, "काही नको." डोळ्यांनी ते बरंच सांगू शकत, पण डोळ्यांकडे कुणीतरी बघावं लागतं. आवाजाचं तसं नसतं. तो पाठ फिरवलेल्या माणसालाही ऐकू येतो.

एकदा राजमतीबाई दूध गॅसवर ठेवून परसात कपडे वाळत घालायला गेल्या आणि शेजारणीशी बोलत राहिल्या. आण्णांची खुर्ची शेगडीसमोरच होती. दूध वर आलं, उतू गेलं, गॅस विझला आणि वास घरभर पसरला. राजमतीबाई धावत आल्या, गॅसचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं नवऱ्यावर खेकसल्या, "समोर बसून बघतायसा नुसतं? सांगाय येत न्हाई व्हय एक शब्द?"

मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. ओला हात तसाच पुढं करून त्यांनी तांबडं बटण दाबलं. त्यांनी पुन्हा दाबलं. "अहो, बोला की काहीतरी. चार शिव्या घाला मला."

"भाजलं का कुठं?" पेटीनं विचारलं.

हे राजमतीबाईंनी त्रिशलाला फोनवर सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या. त्रिशला मात्र ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडली. त्यानंतर ती रोज फोन करी, आईला बटण दाबायला सांगे आणि विचारी, "काय म्हणता आण्णा?" आण्णा म्हणत, "बरं आहे. तू कशी आहेस?" मग ती कशी आहे ते सांगे. पहिल्यांदाच आयुष्यात तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत होत होतं. ऐकणाऱ्याकडून हूं की चूं नाही. बोलताना आपण कुठं थांबावं हे तिला कळेनासं झालं, कारण आजवर थांबवायचं काम आण्णांचं होतं.

किसनकाकांचं येणं रोजचं राहिलं, पण बोलणं कमी झालं. एकदा टीव्हीवर मैदान चालू असताना कुणा नवख्या निवेदकानं एकचाक डावाला घुटना म्हटलं. किसनकाकांनी झटकन आण्णांकडे पाहिलं. आण्णा पडद्याकडे बघत होते. काकांनी बटण दाबलं. "आण्णा, ऐकलं का? घुटना म्हणतंय बेनं!"

"चालायचंच," पेटी म्हणाली.

काकांनी त्या दिवशी चहा अर्धा तसाच ठेवला आणि ते घरी गेले.

नवी चकती पुढच्या वर्षी आली. प्राणदावाल्यांनी शब्द पाळला. लहानशी शस्त्रक्रिया झाली, जुनी चकती निघाली, नवी बसली. दोन यंत्रांना दोन तारा, दोन घंटा. नवी पेटी त्रिशलानं स्वतः गाडीत मांडीवर घेऊन पलूसला आणली. सकाळच्या उन्हात, पडवीतच, तिनं ती जोडली. आपल्या लॅपटॉपवर तिनं आण्णांच्या बोलण्याच्या उसळीचा आलेख लावला. मेंदूत बोलायची इच्छा उठली की रेघ चढायला लागते. एका ठरलेल्या खुणेच्या वर गेली की जाळी घंटा वाजवते आणि माणूस बोलू शकतो, कुणी विचारो न विचारो.

"आण्णा, मनात काहीही बोला."

रेघ सरळ खुणेच्या वर गेली. "त्रिशला भूपाल मगदूम, मुक्काम पोष्ट पलूस," पेटी गरजली. श्वास ठोक्यात चालू होता. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मोठ्यानं, भराभर, रागानं. एकही श्वास चुकला नाही. राजमतीबाईंनी देवापुढं साखर ठेवली. किसनकाका तर नवं कातडं चढवलेली हलगीच घेऊन आले होते.

"झालं, आण्णा!" त्रिशला म्हणाली. "आता माईक तुमचा. कुणी विचारायची वाट बघायची नाही. कधीही, कुणाच्याही मध्ये बोला."

मग सगळे आपापलं बोलायला लागले, मुद्दामच, एकमेकांवर आवाज चढवत. राजमतीबाईंनी भाकऱ्या थापायला घेतल्या आणि एक भाकरी हट्टानं तव्यावर तशीच राहू दिली. ती करपली. वास आला. किसनकाकांनी ढाकेला घिस्सा म्हटलं, मग घिश्शाला ढाक म्हटलं. ते आण्णांकडे बघतही नव्हते, बघितलं तर धीर सुटेल म्हणून.

पेटी गप्प होती.

त्रिशलानं जोडणी पुन्हा तपासली. तार ठीक होती. घंटा ठीक होती. ड्रायव्हर नीट उत्तरं देत होता. तंटा मिटलेला होता. शेवटी ती खुर्चीसमोर पाटावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "किसनकाका, तुम्हाला ती मंत्र्यांची गोष्ट ठाऊक आहे ना? मी सांगते."

"सांग की," काका म्हणाले.

"तर मैदान भरलेलं होतं. मंत्र्यांचं भाषण चालू होतं, आणि इकडं आखाड्यात जोड लागली. एका पोरानं पट काढला. सगळं मैदान उभं राहिलं."

आण्णांचे डोळे तिच्यावर होते. आलेखाची रेघ जराशी हलली.

"आण्णांच्या शेजारीच मंत्री उभे होते. हातात माईक. पण आण्णा काही बोलले नाहीत. आण्णा म्हणाले, मोठा माणूस बोलतोय, मध्ये बोलणं बरं दिसत नाही."

रेघ चढायला लागली. किसनकाकांनी हलगीवर नुसतीच बोटं टेकवली.

"आण्णा हात बांधून उभे राहिले. भाषण पुरं होईपर्यंत थांबले. तोपर्यंत कुस्ती निकाली झाली, पोरगं चितपट करून निघूनही गेलं, आणि ते कुणी सांगितलंच नाही."

रेघ खुणेच्या अगदी खाली येऊन पोचली. एक बोटभर अंतर राहिलं. आणि तिथून ती वळली. घंटा वाजली नाही. जोडणीत काही चूक नव्हती. वर आलेला शब्द आण्णांनी आपणच गिळला होता. रेघ हळूहळू उतरत खाली गेली आणि पहिल्यासारखी सपाट झाली. श्वास एकसारखा चालू राहिला.

"असंच झालं ना, आण्णा?" त्रिशलानं विचारलं. जुनं तांबडं बटण अजून खुर्चीच्या हातावर होतं. त्याची आता काही गरज नव्हती, तरी तिनं ते दाबलं. "बोला ना, आण्णा. असं झालं नव्हतं म्हणा. बोला ना हो मध्ये!"

आण्णांच्या डोळ्यांत माया होती, दुसरं काही नव्हतं. मैदान गाजवणाऱ्या त्याच आवाजात पेटी शांतपणे म्हणाली,

"तुझं होऊ दे, बाळ. मग बोलतो."

स्वयंपाकघरात राजमतीबाईंनी गॅस बंद केला. किसनकाका हलगीकडे बघत बसले. आण्णा ऐकत होते, शेवटपर्यंत ऐकायची तयारी ठेवून. त्रिशलानं डोळे पुसले आणि गोष्ट पुढं सांगायला घेतली, आणि ती प्रत्येक वाक्यानंतर थोडी थोडी जागा सोडत राहिली.